सरांच्या भिंतीवरचा कोरा चौकोन

अकरा दिवसांपूर्वी, दुपारी साडेतीनला, झिराडकर सरांच्या बैठकीच्या भिंतीवर मी प्रेरणाचा डावा डोळा रंगवला आणि माझं आयुष्य पालटलं.

थांबा, क्रम चुकला. अध्यक्षा आदरणीय धम्मशीला मॅडम, मंचावरील मान्यवर, लोणारच्या पोरांना चौतीस वर्षं चित्रकला शिकवून आज निवृत्त होणारे आमचे एलायजा झिराडकर सर, काकू आणि उपस्थित मंडळी, सर्वांना नमस्कार.

मी गोविंदा. प्राध्यापकांशी भांडून कॉलेज अर्ध्यावर सोडलं, आता घरं रंगवतो. सर अलिबागकडे मूळगावी चालले, घर अकीलभाईंनी घेतलं, म्हणून रंगकाम माझ्याकडे. बैठकीची ती भिंत सोड, असं सरांनी बजावलं होतं. तिच्यावर त्यांनी स्वतः द्राक्षवेल, सात वातींची समई, मासे, फुटलेलं गलबत काढलेलं. मधोमध हातभर चौकोन मात्र कोरा, नुसत्या विटा. मला वाटलं, चित्र राहून गेलं. आपण पूर्ण करून भेट देऊ. आता चेहरा कुणाचा काढणार? मला दुसरा येतो का?

सर आले, सोबत नेमकी त्यांची जुनी विद्यार्थिनी प्रेरणा! सर म्हणाले, चेहरा छान उतरलाय. मग शांतपणे सांगितलं, की यरुशलेमचं आमचं मंदिर पडलं, त्याच्या आठवणीसाठी यहुदी माणूस घर कितीही सजवो, एक तुकडा अपुरा ठेवतो. आणि गलबत? पूर्वज कोकण किनाऱ्याला लागले, तेव्हा पोथ्या बुडाल्या म्हणतात. उरलं ते डोक्यात, तेच सरांनी भिंतीवर ठेवलं.

एरवी हमरीतुमरीवर येणारा मी, पण ब्रश खाली ठेवला. प्रेरणानं माझी लोखंडी पत्ती उचलली आणि स्वतःचाच चेहरा खरवडायला लागली. मीही लागलो. कपाळापाशी आल्यावर हळूच म्हणाली, "मले भिंतीवर काऊन काढतं बे? सरळ विचार न."

अकरा दिवस झाले, विचारलं नाही. आणि आज ती नोकरीवर रुजू व्हायला नागपूरला निघालीय.

अकीलभाईंनी शब्द दिलाय, चौकोन तसाच राहील; पोरांनी विचारलं की ते गोष्ट सांगतील. सर, तुम्ही जाल, पण लोणारात तुमचं यरुशलेम राहील. टाळ्या नंतर वाजवा, कारण मागच्या रांगेतून ती बॅग घेऊन उठली. हाव, तीच. सगळ्यांनी वळून नका पाहू.

मॅडम, माझी दोन पानं उरलीत, पण सर हातानं खुणावतायत, जा म्हणून. सर, काकू, तुमचे उपकार मानतो. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर पोटात घाला. मी निघालो. दार बाहेरून ओढून घेतो, म्हणजे ती काय म्हणते ते तुम्हाला ऐकू येणार नाही.