सलग तीन चुका

आई : पण घरी तिची एक चूक होत नाही हो, बाई. एकसुद्धा. मला शेजारी बसावंही लागत नाही. ती टॅब घेऊन जेवणाच्या टेबलाशी, मी माझं ऑफिस घेऊन आतल्या खोलीत. तासाभरात सगळा अभ्यास हातावेगळा!

बाई : मी कुठे नाही म्हणते? पण शाळेतला अहवाल हा असा आहे. बघा.

आई : कालपासून दहादा पाहिलाय. ‘अपूर्णांक कच्चे. सोमवारपासून पायाभरणी गटात.’ म्हणजे काय, चौथीतून दुसरीत?

बाई : इयत्ता तीच. खोली बदलेल. धडे दुसरीचे.

आई : एकच झालं की ते! बाई, खरं सांगा, डॉक्टरांना दाखवायला हवं का? मी वाचलंय, काही मुलांना आकडे उलटे दिसतात. मग मोठेपणी...

बाई : आधी ते वाचणं थांबवा. पाणी घ्या.

आई : नको. बरं, द्या. मी प्रश्नांची यादी करून आणलीय.

बाई : दिसतंय. पाठपोट आहे.

आई : हसू नका ना.

बाई : तुम्हाला नाही हसत. बावीस वर्षं पालक बघतेय. पूर्वी म्हणायचे, ‘बाई, द्या दोन रट्टे, आमची ना नाही.’ आता यादी आणतात. यादी बरी. विचारा.

आई : हा गट ठरवतं कोण? तुम्ही?

बाई : मी? छे! टॅब ठरवतो. कोण कुठे अडलं, किती वेळ लागला, सगळं टिपतो आणि ज्याला त्याला आपापल्या चालीने पुढे नेतो. वाईट नाही हो. मी फळ्याशी एकच गणित शिकवायचे, तेव्हा दहाजणांना ते आधीच यायचं आणि दहाजण पेंगायचे. आता कुणी पेंगत नाही. बत्तीस मुलं, बत्तीस हेडफोन. टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता. फक्त ती ऐकायला मी एकटीच.

आई : आणि तुम्ही काय करता?

बाई : माझ्या पडद्यावर बत्तीस चौकोन असतात, हिरवेगार. कुणाच्या सलग तीन चुका झाल्या की त्याचा चौकोन लाल होतो. मग मी उठायचं, त्याच्याजवळ जाऊन बसायचं, शिकवायचं.

आई : आणि हिचा चौकोन?

बाई : रोज लाल. साडेअकराला. घड्याळ लावून घ्यावं.

आई : रोज! किती दिवस?

बाई : तीन आठवडे झाले. पण टिकलीच्या आई, मी काय म्हणते...

आई : टिकली? ते तर घरचं नाव आहे. तुम्हाला कुणी सांगितलं?

बाई : तिनेच. शेजारी बसलं की सगळं सांगते. तिचा कुठला दात हलतोय तेही मला ठाऊक आहे. वरचा, डावीकडचा.

आई : दात हलतोय?

बाई : तुम्हाला नाही सांगितलं? असू दे. हे बघा, तुमच्यापुढे ठेवते, तुम्हीच काय ते समजा. ज्याला येत नाही ना, तो जवळपास चुकतो. वीसचे तीन चतुर्थांश विचारले तर दहा म्हणेल, सोळा म्हणेल. ही काय लिहिते? नऊशे. पार वेशीबाहेर जाऊन चुकते.

आई : नऊशे?

बाई : काल अकरा हजार होते. दुसरं, टॅबवर ‘सूचना’ नावाचं बटण असतं. अडलं की मुलं ते दाबतात, उत्तराचा माग मिळतो. म्हणून बाकी कुणाचा चौकोन लाल होत नाही. हिने ते बटण एकदाही दाबलेलं नाही. आणि मी जाऊन बसले की तीच तीन गणितं धडाधड सोडवते. मला तोंडसुद्धा उघडावं लागत नाही.

आई : म्हणजे मुद्दाम? पण का?

बाई : तिलाच विचारू. बाहेर बाकावर आहे ना? टिकले, आत ये गं.

टिकली : मी काही केलं नाही.

बाई : कोण म्हणतं केलंस? बस.

आई : टिकले, गणितं येतात ना तुला? माझ्याकडे बघ. येतात?

टिकली : येतात.

आई : मग चुकतेस कशाला?

टिकली : चुकलं की बाई येतात.

आई : अगं, मग हात वर करायचा!

टिकली : तो नाही दिसत. बाई पडद्याकडे बघत असतात.

बाई : बरोबर बोलतेय ती. मला बघावंच लागतं.

आई : आणि घरी? घरी कशी नाही चुकत?

टिकली : घरी चुकलं की तू घाबरतेस.

आई : मी कधी घाबरले?

टिकली : आत्ता. बाई नाही घाबरत. नुसत्या बसतात.

बाई : जा बाळ, दप्तर भर. पाण्याची बाटली खिडकीत राहिलीय तुझी.

आई : तुम्हाला हे कधी कळलं, बाई?

बाई : पहिल्याच आठवड्यात.

आई : आणि तुम्ही गप्प राहिलात? माझ्या मुलीला दुसरीत ढकलेपर्यंत?

बाई : राहिले. चूक माझी आहे. उद्या लिहू, परवा लिहू करत राहिले. आख्ख्या दिवसात तेवढ्या एका बाकाला माझी गरज असायची हो. ते सुटवेना. टॅब मागून असा अहवाल काढेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आई : मग आता?

बाई : आता शेरा लिहिते, तुमच्यासमोर. ‘विषय पक्का. गट बदलू नये.’ झालं. सोमवारी ती इथेच बसेल. फक्त तिला सांगा, उत्तरं खरी लिही. माझा शेरा एकदाच चालतो.

आई : सांगेन. आणि साडेअकराला? तुम्ही जाल ना तरी तिच्याजवळ?

बाई : हिरव्याजवळ जायचं नसतं. मूल त्याच्या चालीत असतं, ती मोडायची नाही. मागे दोनदा गेले होते, तर मुख्याध्यापकांची चिठ्ठी आली. खोटा शब्द देऊन काय उपयोग?

आई : बरं.

बाई : तुमची यादी राहिली की.

आई : राहू दे. एकच सांगा. ती अजून काय काय सांगते हो तुम्हाला?

बाई : ते तिच्याजवळ बसून विचारा. माझ्याकडून नाही फुटायचं.

(सोमवारची संध्याकाळ. घर. जेवणाचं टेबल.)

टिकली : आई? तुझं ऑफिस संपलं?

आई : नाही. चालू आहे आत. सरक थोडी.

टिकली : मला येतंय हे.

आई : ठाऊक आहे. तरी सरक.

टिकली : मी चुकले नाहीये.

आई : चूक की मग. मी नाही घाबरणार.

टिकली : घाबरशील.

आई : थोडी घाबरेन. पण इथे बसून घाबरेन.

टिकली : तुझे हेडफोन गळ्यातच आहेत.

आई : हे बघ, काढले. आता दाखव, दात कुठला हलतोय?

टिकली : पडला.

आई : पडला? कधी?

टिकली : शाळेत. गणिताच्या तासाला.

आई : आणि मला आत्ता सांगतेस! कुठे आहे? रक्त आलं होतं का? बरं, बरं, नाही घाबरत. कुणाला दाखवलास?

टिकली : कुणाला नाही. सगळ्यांच्या कानांवर हेडफोन होते. मी रुमालात बांधून ठेवला. हा बघ.

आई : केवढासा गं! आणि बाईंना?

टिकली : त्या पडद्याकडे बघत होत्या. आज माझी सगळी गणितं बरोबर आली. सगळ्यांचीच आली. आख्खा पडदा हिरवा होता.

आई : मग छानच झालं की.

टिकली : हो. पण आई, आता बाई कुणाजवळ बसतील?