हात चालला तर

(हाताच्या उपचारांची खोली. टेबलावर शिलाई मशीन, बाजूला संत्र्याची साल. शिवणकाम करणारी ताई आणि तिच्यावर उपचार करणाऱ्या मॅडम. ताईचा भाऊ बाहेर बाकावर बसलाय.)

ताई : अहो मॅडम, अशा काय बघताय? संत्रं खायला मनाई आहे का इथे?

मॅडम : सोललंत कुठल्या हाताने?

ताई : कुठल्या म्हणजे... अगंबाई!

मॅडम : उजव्या. सालही सलग निघालीय. दहा मिनिटांपूर्वी याच हातातून कापड सुटत होतं.

ताई : मी सोंग करत नाही हो! आईशपथ. मशीनवर ठेवला की मेल्यासारखा पडतो. हाड जुळलं, नस ठीक आहे, हे तुम्हीच सांगितलंत. मग दीड महिना हेलपाटे घालायची हौस आहे का मला?

मॅडम : सोंग असतं तर माझ्यासमोर संत्रं सोललं नसतंत. चुकलं माझंच. फॉर्मवर ‘काम : शिलाई’ वाचलं आणि रोज तुमच्यापुढे मशीन ठेवलं. माणसाला त्याचं आवडतं काम दिलं की हात लवकर चालतो, असं आम्हाला शिकवतात. आवडतं का, हे मी विचारलंच नाही.

ताई : आवडायचंय काय त्यात? अकराव्या वर्षी बसले मशीनवर. बाबा गेले, आई अंथरुणाला खिळलेली. तिघा भावंडांची शिक्षणं, लग्नं याच हातावर झाली. माझं राहिलं ते राहिलंच.

मॅडम : आमच्या मोठ्या मॅडम म्हणतात, हात का चालत नाही हे नंतर विचार. चालला तर काय होईल ते आधी विचार.

ताई : काय होणार! उद्या सकाळी सहाला मशीनवर.

मॅडम : आणि नाहीच चालला तर?

ताई : वहिनी चांगली आहे हो. पण परवा म्हणाली, ताईंच्या खोलीत मुलाचं टेबल छान बसेल. सहजच म्हणाली. शिवते म्हणून ती खोली माझी, मॅडम. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत आहे. विचारा तुमच्या मोठ्या मॅडमना, यावर काय औषध.

मॅडम : भावाला सांगितलंत कधी?

ताई : त्याला काय सांगू? म्हणेल, बहीण उपकार काढतेय.

मॅडम : राग येत नाही?

ताई : येतो ना. खूप येतो. पण रागावून जाऊ कुठे?

मॅडम : हे बघा, आज अहवाल द्यायचाय. खोटं मी लिहिणार नाही. हात बरा आहे, पण महिनाभर शिलाईला लावू नये, असं लिहिते. तेवढ्या दिवसांत इथे दुसरं काहीतरी करू. तुम्हाला काय करावंसं वाटतं?

ताई : मला? अहो, असं एकदम विचारल्यावर काय सांगू? परीक्षाच घेताय की.

मॅडम : बरं, ते राहू दे. भावाला बोलावते. मला आता शिवायचं नाही, एवढं एकच वाक्य त्याला सांगा. मी आहे इथे.

ताई : सांगते. बोलवा. लवकर बोलवा, नाहीतर धीर जाईल.

भाऊ : झालं का? काय म्हणतोय हात?

मॅडम : ताईंना काही सांगायचंय तुम्हाला.

भाऊ : थांब, आधी माझं ऐक. मशीनला मोटर बसवून आणली. पाय मारायला नको आता. खिडकीपाशी हलवलंय, उजेड येईल तुला. आणि हिलाही बजावलंय, ताईची खोली ताईचीच. तुझ्याशिवाय घराला घरपण नाही बघ. हं, बोल.

ताई : ...काही नाही रे. किती करतोस.

भाऊ : तू कमी केलंस का? चल.

मॅडम : ताई...

ताई : गुरुवारी येते, मॅडम. दार तेवढं तू उघड रे. हात उचलत नाहीये माझा.