गलबताचा ठराव

नाही, मी म्हणतो, माणसानं हात वर केला म्हणजे त्याला काहीतरी बोलायचं असतं, एवढं साधं कळू नये? हॉटेलात हात वर केला तर वेटर निदान विचारतो तरी, काय पाहिजे म्हणून! पण आमच्या शिळफाट्याच्या मंडळात... तुम्हाला सांगतो, आमच्या मंडळात हात वर केला की तुमचं नाव थेट वहीत! आणि खाली सही! आणि मी तर फक्त हात वर केला होता हो!

थांबा, मुळापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, कसला हात आणि कसली वही. एक गेम आहे. टीव्हीला डबा जोडून खेळतात तो. त्याचं इंग्रजी नाव एवढं लांबलचक की मी नववीत शाळा सोडली नसती तरी मला ते एका दमात वाचता आलं नसतं. आम्ही सगळे त्याला 'गलबत' म्हणतो. पाच भाग झाले, सहावा येतोय. आणि हे पाचही भाग फक्त काळ्या डब्यावर चालतात. बाजारात दुसऱ्या कंपनीचा पांढरा डबा आहे, त्याच्यावर चालत नाहीत. का नाहीत? कंपनीची मर्जी! इतकी वर्षं असंच चाललंय आणि कोणाचं काही अडलं नव्हतं.

माझं अडलं.

कारण गलबताला दोन माणसं लागतात. एकानं सुकाणू धरायचं, दुसऱ्यानं शिडं सांभाळायची. सुकाणू माझं, शिडं प्रबुद्धची. प्रबुद्ध म्हणजे आमच्या शेजारचा, माझ्याच वर्गातला. मी शाळा सोडली, त्यानं सोडली नाही, पण म्हणून मलाही सोडलं नाही. काळा डबा आम्ही दोघांनी मिळून घेतलेला, सेकंडहँड. मी रसायनीला कारखान्यात पॅकिंगला आहे, पहिली पाळी करून आलो की आम्ही बसायचो. आणि बोलायचो काय? "वारा." "हं." "खडक." "दिसला." झालं! दोन तास एवढंच! मला बोलायला जमतच नाही हो... दुकानदारानं भलताच साबण दिला तरी मी तो घेऊन येतो आणि महिनाभर त्यानंच आंघोळ करतो, पण परत जाऊन "दादा, हा नको" म्हणायचं? छे! पण प्रबुद्धशेजारी बसलं की आपण आज बोललोच नाही असं कधी वाटायचं नाही. कसं सांगू... काही माणसांना बसायला गप्पा लागतात, आम्हाला गलबत लागायचं.

गेल्या वर्षी त्याला कर्जतला नोकरी लागली. आई, सामानसुमान, सगळं तिकडं. टेंपो भरताना मी डबा आणून दिला, तर म्हणतो, "ठेव तुझ्याकडं. मला तिकडं माणसं मिळतील. तुला इथं मिळायची नाहीत." खरं होतं, म्हणून जास्त लागलं. आणि तिकडं त्याच्या दाजींनी त्याला डबा दिला. कुठला? सांगा कुठला? पांढरा! आता दाजींनी प्रेमानं दिलेल्या वस्तूला नाव कसं ठेवणार? तो पांढऱ्यावर, मी काळ्यावर. माझ्या टीव्हीत त्याचा खलाशी अजून डेकवर उभा आहे. हातात दोरी धरून. नुसता श्वास घेतो. मी रोज लावतो, बघतो, बंद करतो.

आणि मग बातमी आली! सहावा भाग पांढऱ्या डब्यावरही आणायचा कंपनीचा विचार आहे, आणि दोन्ही डब्यांवरची माणसं आपापल्या घरून एकाच गलबतावर खेळू शकतील. मी पॅकिंगच्या लाइनवर उभा राहून वाचलं, आणि सात खोकी लेबलाशिवाय पुढं गेली. सुपरवायझर ओरडला. ओरडू दे! मला कर्जत दिसत होतं.

पण आमच्या गलबतवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जी आग लागली... अहो, जमिनीच्या मोजणीला लागत नाही अशी! अर्धे म्हणतात येऊ द्या, जास्त लोक खेळतील, कंपनी चालेल, सातवा भाग निघेल. अर्धे म्हणतात नाही, दोन डब्यांसाठी बनवायला गेले की चित्र हलकं करणार, दोन्हीकडचं वाटोळं. आणि ह्या दुसऱ्या अर्ध्यांचा पुढारी म्हणजे हरेश. शिळफाट्यावर मोबाइलच्या कव्हरचं दुकान आहे त्याचं. लोक काचेच्या कपाटात ट्रॉफ्या ठेवतात, त्यानं गलबताचे पाच भाग ठेवलेत, ओळीनं, खोक्यांसकट. हरेश म्हणाला, "आमी पयल्या भागापासून हाय! तवा त्यात निस्ती होडी होती, होडी! आमी तिचं गलबात केलं! आन आता हे पांढरेवाले येनार, आयत्या डेकवर बसनार? आरं, आपल्या टुर्नामेंटला काय नियम हाय? एक गाव, एक संघ! मंग एक डबा, एक गेम!"

आता आमच्याकडं क्रिकेटच्या मैदानातला नियम काढला की पुढं कोणी बोलत नाही. रायगडात तुम्ही सरकारशी वाद घाला, 'एक गाव, एक संघ'शी घालू नका. आणि वाद मिटेना तेव्हा कोणीतरी म्हणालं, मंडळाची सभा लावा.

सभा! कोणाबद्दल? तर सातासमुद्रापलीकडच्या कंपनीनं तिचा गेम कोणाला विकावा, ह्याबद्दल! आणि ह्यात एकालाही काही चुकीचं वाटलं नाही, मलासुद्धा नाही, ही गंमत बघा. आमच्याकडं पद्धतच आहे. रस्त्याला दिवा हवा, ठराव. मैदानावर बैल चरतात, ठराव. एकदा पाऊस लांबला तेव्हाही ठराव झालाय, वहीत आहे.

मंडळाचे अध्यक्ष लडकूअण्णा. वय पासष्ट, अध्यक्षपद वीस वर्षं. त्यांना गेममधलं काडीचं कळत नाही, पण सभेतलं असं कळतं! खुर्चीत बसले, वही उघडली, म्हणाले, "विषय काय हाय? गलबात. कुटल्या बंदरातलं?" हरेश म्हणाला, "अण्णा, टीव्हीतलं." "बरं. टीव्हीतलं गलबात. मालक कोन?" "कंपनी." "कंपनीला नोटीस दिली?" "देनार हाय." "मंग बोला."

हरेश बोलला. अर्धा तास. आणि बोलता बोलता शेवटी म्हणाला, "आन अण्णा, एकदा का त्या पांढरेवाल्यांचा हात लागला ना, आपला गेम बाटला म्हनून समजा!"

लोक हसले. त्याच्या मनात काही नव्हतं, मला माहीत आहे. वरणात लिंबू पिळावं तसे शब्द पिळतो तो. पण आमच्या घरात तो शब्द कोणी वापरत नाही. माझ्या आजोबांनी, धर्माजींनी, तो एका तळ्याच्या काठावर ऐकला होता, पाणी प्यायला वाकले असताना. मला वाटलं, अरे, गलबतावर एक माणूस जास्त आला तर त्यात बाटण्यासारखं काय आहे? दोरी ओढायला एक हात जास्त! आणि तो हात कोणाचा आहे, हे ह्यांना माहीत आहे का? मला वाटलं, आता बोलायचं. आयुष्यात पहिल्यांदा. आणि मी हात वर केला.

नेमकं त्याच वेळी अण्णा म्हणाले, "ठराव : गलबात पांढऱ्या डब्यावर नको. सूचक हरेश. अनुमोदक कोन?... हा! कपिल! शाबास! लिवा, अनुमोदक कपिल!"

अनुमोदक म्हणजे मांडलेल्या ठरावाला पाठिंबा देणारा! मी! मी म्हटलं, "अण्णा, मी..." "बोलायची गरज नाय रं, हात पुरे!" टाळ्या! आणि वही माझ्यापुढं, पेन माझ्या हातात, आणि वीस माणसं बघतायत... आणि मी... साबणवाला माणूस मी... मी सही केली. मी फक्त हात वर केला होता हो!

हरेशनं लगेच पानाचा फोटो काढला. मंडळाचा गोल शिक्का, खाली 'अनुमोदक : कपिल', आणि पाठवला कंपनीला. आणि ग्रुपवर. ग्रुपवर प्रबुद्ध अजून होता. दहा मिनिटांनी त्याचा मला मेसेज आला. "ओके."

पुढं पूर्णविराम. प्रबुद्ध कधी पूर्णविराम देत नाही.

मग आठ दिवस काहीच नाही. मी मेसेज लिहायचो, खोडायचो. शेवटी रविवारी मोटारसायकल काढली, पळसदरीच्या रस्त्यानं कर्जत. वाटेत सगळं पाठ केलं, काय म्हणायचं, कुठं थांबायचं. दार उघडलं त्याच्या आईनं, वनितामावशींनी. म्हटलं, "जयभीम मावशी." त्या म्हणाल्या, "जयभीम. ये रं बाळा, किती वाळलायस! आतमंदी बसलाय बघ, त्वांड फुगवून." मी आत गेलो आणि पाठ केलेलं सगळं गेलं. हा पलंगावर, मोबाइलमध्ये. मान वर न करता म्हणतो, "या, अनुमोदक साहेब!"

मी म्हटलं, "अरे, मी फक्त हात वर केला होता. बोलायचं होतं मला."

"काय बोलायचं होतं?"

"हेच, की येऊ द्या म्हणून. तुझ्यासाठी."

तेव्हा त्यानं मोबाइल ठेवला. म्हणाला, "कप्या, शाळेत तुला लघवीला जायचं असायचं तरी तू हात वर करायचा नाहीस. तुझ्या वतीनं मी करायचो. मला कोणी सांगितलं असतं की कपिलनं काही न बोलता सही केली, तर मी हसलो असतो. पण हरेशनं ग्रुपवर लिहिलं, त्यानं स्वतःहून हात वर केला! म्हणून मला खरं वाटलं रे. म्हटलं, ज्यानं कधी हात वर केला नाही त्यानं केला, तो मला बाहेर ठेवायला."

इतकी वर्षं मी समजत होतो, आपण गप्प बसतो म्हणजे कोणाचं काही बिघडवत नाही. आणि गप्प बसायची एवढी सवय लावून ठेवली होती लोकांना, की माझा साधा हातसुद्धा भाषणासारखा ऐकला गेला. चुकीचा ऐकला गेला. आणि दुरुस्त करणार कोण? मी तिथंही गप्प!

मावशी चहा घेऊन आल्या, दोघांकडं बघितलं, म्हणाल्या, "आरं, भांडताय का झोपलाय?"

पुढच्या सभेला मी गेलो. ह्या वेळी हातबित काही नाही, थेट उभाच राहिलो. अण्णा म्हणाले, "काय रं, निगालास का?" म्हटलं, "अण्णा, माझं अनुमोदन काढा. मला ते द्यायचंच नव्हतं." आणि मग जे सुरू झालं... तुम्हाला सांगतो, मला थांबताच येईना! प्रबुद्ध, टेंपो, डेकवर दोरी धरून उभा असलेला खलाशी, तळं, आजोबा, तो शब्द... साबणसुद्धा सांगितला! साबणाचा काय संबंध? पण निघाला तोही! आणि मग बसलो.

अण्णा हळूच म्हणाले, "ठराव रद्द करावा, सूचक कपिल. अनुमोदक?"

कोणी नाही. अर्धी खोली हरेशच्या बाजूची, उरलेली त्याच्याशी वाकडं घ्यायला तयार नाही, करणार कोण? आणि मग हरेश उठला. माझ्याकडं बघेना, जमिनीकडं बघत म्हणाला, "लिवा. हरेश. मला पटलं नाय हां, चित्र हलकंच व्हनार हाय. पन त्यो शब्द माज्या तोंडातनं गेला, त्यो मी मागं घेतो. आन ह्याला एकट्याला उबा नाय ठेवायचा."

ठराव रद्द झाला. तसं कंपनीला कळवलं. कंपनीनं पहिल्याला उत्तर दिलं नव्हतं, दुसऱ्यालाही दिलं नाही. सहावा भाग पांढऱ्या डब्यावर येणार की नाही, ते अजून कोणालाच माहीत नाही, आणि ग्रुपवर भांडण आहे तसंच चालू आहे, जोरात. पण प्रबुद्धला हरेशनं माझ्या भाषणाचा व्हिडिओ पाठवला. तेव्हापासून तो दर रविवारी कर्जतहून येतो. गेम त्याच्या डब्यावर जाईना, तर माणूसच गेमकडं यायला लागला. खलाशी हलला एकदाचा! शिडं वर गेली, वारा भरला, मी सुकाणू धरलं, मांडी घालून निवांत बसलो... म्हटलं, चला, आता दोन तास कोणाशी एक अक्षर बोलायला नको. ह्याच्यासाठी तर एवढा घसा फोडला!

तर हा शिडं सोडून माझ्याकडं बघतो आणि म्हणतो, "गप्प का रे? सभेत तर काय सुटला होतास! बोल की काहीतरी!"