घटातली छत्री

(गारखेड्यातला फ्लॅट. नवरात्राची पाचवी माळ. देवघरात सासू आवडाबाई आणि सून तनुजा.)

तनुजा : आई, हसू नका ना!

आवडाबाई : हसू नको तर काय करू? इतकी वर्षं घट बसवते, पण कोवळ्या गव्हाच्या मधोमध कुत्र्याची छत्री पहिल्यांदाच बघते.

तनुजा : उपटून टाकू?

आवडाबाई : छे! घटातलं दसऱ्यापर्यंत काही उपटत नसतात. अन् ही बघ, नखाएवढी गोगलगाय. बिऱ्हाडच आलंय सगळं.

तनुजा : द्वारकाआत्या येतीलच आता. त्यांनी सिल्लोडहून मुद्दाम वावरातली पिशवीभर माती पाठवली होती...

आवडाबाई : तेच म्हणते मी. वन्संच्या मातीत असलं कसं उगवलं?

तनुजा : ती माती यात नाहीच. मला वाटलं कुंड्यांसाठी पाठवली. कुंड्यांत टाकली.

आवडाबाई : अगं बया! मग ही कुठली?

तनुजा : शेजारच्या मोकळ्या प्लॉटवरची. तुम्ही माती मागितली, मी डबा घेऊन पळाले.

आवडाबाई : गप. वन्संना मोतीबिंदू आहे. झेंडूची माळ जरा खाली सोड. बेल वाजली बघ!

द्वारकाबाई : (आत येत) काय झाकताय गं दोघी?

आवडाबाई : काय नाय, वन्सं. बसा.

द्वारकाबाई : मोतीबिंदू काढला की मागल्या महिन्यात. लख्ख दिसतं. सरक जरा... ही माझ्या वावरातली माती नाय. छत्री काय, कुंजरूचं तण काय! फवारे मारून मारून आमच्याकडं कुंजरू भाजीलासुदिक मिळत नाय. अन् ही लिंबोळीची बी. कुठून आणली, पोरी?

तनुजा : चुकलं माझं, आत्या. शेजारच्या प्लॉटवर कडुलिंब आहे, त्याच्या बुडातून उकरली.

द्वारकाबाई : वाकडा लिंब?

तनुजा : हो. तुम्हाला कसं माहीत?

द्वारकाबाई : आमच्या माहेरच्या वावराचा बांध होता तो. लिंबाला माझा झोका. खाली अशाच छत्र्या यायच्या, आम्ही त्यांचं दुकान मांडायचो. आवडा, लिंब अजून आहे, हे बोलली नाहीस कधी!

आवडाबाई : ह्यांनी ते वावर विकलं तेव्हापासून तुम्ही इथं आलात की प्लॉटकडची ती खिडकीच लावायला सांगता. कधी बोलू?

तनुजा : आत्या, घट मोडला तर नाही ना?

द्वारकाबाई : मोडतो कशाला? छत्रीलाही हळदीकुंकू वाहा. पावणी आहे ती.

तनुजा : आणि तुम्ही पाठवलेली माती?

द्वारकाबाई : तिच्यात मेथी टाक. पिशवी तेवढी दे माझी.

तनुजा : रिकामी पिशवी कशाला?

द्वारकाबाई : पुढल्या वर्षी घट मलाबी लिंबाखालच्या मातीत बसवायचाय. आवडा, उघड ती खिडकी.