केस कुणाचे?

जनावरांच्या दवाखान्यात मांजराची टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या शिंपीणबाईंचे कान शेजारच्या बाकाकडे लागले होते. तिथे कुत्र्याला घेऊन आलेल्या एका तरुणीला एक आजोबा सल्ला देत होते.

“रोज विंचरता का याला?”

“रोज, काका! तरी चहात केस, इस्त्रीच्या कपड्यांवर केस.”

“सोफ्यावरून ओला रबरी हातमोजा फिरवा. सगळे गोळा होऊन येतात.”

“सोफ्याचं जमेल हो, सासऱ्यांचं काय करू? ‘या घरात एक तर हा राहील, नाहीतर मी,’ म्हणतात.”

“मग?”

“मग काय, काल त्यांची चादर बदलायला गेले, तर उशीवर केसच केस.”

“त्यांचेच असतील.”

“त्यांना टक्कल आहे, काका.”

शिंपीणबाई हसू दाबायला टोपलीत डोकावल्या.

“अरेच्चा! मग विचारलंत की नाही?”

“छे! सासूबाई गेल्यापासून त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. हल्ली मस्त घोरतात. मी गुपचूप चादर झटकली आणि आले.”

“आणि आज इथे कशाला?”

“त्यांनीच पाठवलंय. म्हणाले, ‘रात्रभर कान खाजवतो बिचारा, दाखवून आण.’ रात्रीचं त्यांना कसं कळलं, तेही नाही विचारलं मी.”