धुळाबाई लेकीला येडं म्हणाली

मंडळी, एक प्रश्न विचारतो. माणसानं ऐकलं तसंच लिहिलं, एक अक्षर बदललं नाही — आणि तरी पाप झालं! होतं का असं? मान हलवू नका, आधी ऐका!

कीर्तनाला उभा राहण्याआधी मी बालवाडीत शिक्षक होतो. एके वर्षी वरून कागद आला — पोरांच्या वागण्याची तपासणी! तीस प्रश्न. आईनं सांगायचं, मी खुणा करायच्या. 'मूल जिना चढतं का?' अहो, आमच्या गावात जिना एकच — पाण्याच्या टाकीला!

गावाबाहेर धनगरांचा तळ होता. तिथली धुळाबाई, तिची लेक मायाक्का, चार वर्षांची. लेकीला शिकवायचं म्हणून धुळाबाई त्या वर्षी मेंढरांमागं न फिरता इथंच राहणार होती.

विचारलं, "पोरगी एका जागी बसते का?"

"आमीच बसत न्हाई गुरुजी, ती कुठली बसंल!"

हसलात? मीही हसलो — आणि 'नाही'वर खूण केली.

"मोठ्यांच्या डोळ्यांत बघून बोलते?"

"छ्या! तशी वांड न्हाई ती."

पुन्हा 'नाही'!

"समज कशी आहे?"

धुळाबाईनं लेकीला पदराखाली ओढलं. "कसली समज? येडं हाय माझं."

लिहिलं — 'आईच्या मते मूल येडं.' खाली तिचा अंगठा!

महिन्यानं निकाल आला — मुलगी मतिमंद, शाळेत घेऊ नये. सांगायला मीच गेलो. मेंढ्या नुकत्याच चरून आल्या होत्या. मायाक्का एकेक कोकरू उचलून नेमकं त्याच्या आईपाशी सोडत होती. साठ-सत्तर कोकरं, मंडळी! एक चुकलं नाही. मला तर सगळी सारखीच दिसत होती!

कागद वाचला. धुळाबाई मटकन खाली बसली. "दिष्ट लागू नये म्हणून येडं म्हणत हुते वो गुरुजी... माझीच जीभ बाधली का लेकराला?"

आता लाज कशाची, सांगू? मला हे ठाऊक नव्हतं असं नाही! माझी आई चारचौघांत मला 'ठोंब्या' म्हणायची — आणि घरात मीठमोहऱ्या ओवाळायची. धुळाबाईनं लेकीला पदराखाली ओढलं, तेव्हाच मला कळलं होतं! पण अजून अकरा घरं उरली होती, ऊन चढलं होतं. कळूनसवरून खूण केली मी!

तालुक्याला गेलो. साहेब म्हणाले, "आईनंच सांगितलंय ना? अंगठा आहे." चार खेपा घातल्या. शेवटी 'चूक माझी' असं लिहून सही केली, तेव्हा फेरतपासणी झाली. या वेळी धनगरांचीच एक शिकलेली सून तळावर बसली, तिनं त्यांच्या बोलीत विचारलं. मायाक्का शाळेत आली — पण वर्ष गेलं ते गेलंच.

आणि धुळाबाई? पुढं कधीही विचारलं, "लेक कशी आहे?" — की ती कामाला लागायची. येडी म्हणेना, शहाणी म्हणेना. माझ्यासमोर लेकीबद्दल बोलणंच तिनं सोडलं!

मंडळी, तुमच्यात कुणी मास्तर, कुणी नर्सबाई, कुणी नुसतेच शेजारी. दुसऱ्याच्या लेकराबद्दल तुमच्या मनात काय लिहून ठेवलंय? कुणाला विचारून? आणि विचारलंत, तर ऐकलंत का?

आज देवाचं नाव पुढं होऊन घ्यायचा मान माझा नाही. तुम्ही घ्या. मी मागून म्हणतो.