तिसरा भाग

—नाही काका, कंपनीला फोन लावून काही होणार नाही, तो नंबर आता लागतच नाही. बसा. स्टुलावरचा प्रिंटर खाली ठेवा नि बसा. मशीन दुरुस्त झालंय — पंख्याचा आवाज तरी येतोय का बघा — नवा मदरबोर्ड टाकलाय, सगळं चालतं. फक्त काकूंचा तो बागेचा गेम उघडत नाही. हो, कळतं मला, तुम्ही मशीन त्याच्यासाठीच आणलं होतंत. काकू होत्या तेव्हा तुम्ही ढुंकूनही बघत नव्हता, आणि त्या गेल्यापासून रोज दुपारी त्यांच्या झाडांना पाणी घालायला बसता — सांगितलंत तुम्ही मला.

त्याचं असंय — गेमबरोबर एक कुलूप येतं, कोणी चोरून प्रती काढू नयेत म्हणून. ते मशीनमध्येच बिऱ्हाड करतं. गेम बंद असला तरी ते जागं — मशीन तेच ना, भाग तेच ना, बघत बसतं. तुमचं मशीन उगाच तापायचं ना? त्यानंच. बोर्ड जळायला आला तोही बहुतेक त्यानंच. आणि तीन भाग बदलले की ते म्हणतं, हे मशीन दुसरं, हा माणूस चोर. नेटवर्क कार्ड मीच बदललं, गेल्या वर्षी हार्ड डिस्क, आता बोर्ड. झाले तीन. मग ते कंपनीला विचारतं, उघडू का? कंपनी दोन वर्षांपूर्वीच गाशा गुंडाळून गेली. विचारतंय बिचारं, उत्तर द्यायला कोणी नाही.

पावती राहू द्या, काका. विकत घेतलाय हे मला दिसतंय, त्याला दिसत नाही. गंमत सांगू? चोरीची प्रत आजही चालते, तिला कुलूपच नाही. सकाळी तीही लावून पाहिली — रागावू नका — झटक्यात उघडली. पण आत नुसती रिकामी जमीन. काकूंची बाग ज्या फाइलीत आहे, ती फाइलही त्याच कुलपात.

जाब कोणाला विचारायचा म्हणता? गेम करणारे म्हणतात, विकणाऱ्यांनी सांगितलं. विकणारे म्हणतात, पैसे लावणाऱ्यांनी. ते म्हणतात, चोरांनी ही वेळ आणली. चोर म्हणतात, आधी तुमची कुलपं काढा. ऐकत बसलं की सगळ्यांचंच बरोबर वाटतं. कुलूप ठरलं तेव्हा अकरा जण होतो त्या खोलीत — होतो म्हणजे — हो, मी होते. दुकान टाकण्याआधी त्या कंपनीतच नोकरी करायचे. चोर कधी म्हणायचं, त्याला एक आकडा हवा होता, आणि सगळ्यांना जेवायला उठायची घाई. माझ्या घरच्या मशीनचे तेव्हा दोन भाग बदललेले, म्हणून मी म्हटलं तीन. तीनच का, हे कोणी विचारलंसुद्धा नाही. फाइलही मशीनच्या बोर्डालाच बांधून टाकू, हेही माझंच. शाबासकी मिळाली त्याबद्दल.

पंधरा दिवस पाणी नसेल तर वाळतं म्हणालात ना सगळं? गेम बंद असला तरी दिवस मोजतोच तो. आज बारावा. माहितीय मला, मीही मोजतेय.

जुना बोर्ड — विचाराल असं वाटलंच होतं. पूर्ण मेला नव्हता तो. थंड असला की वीस मिनिटं चालायचा. तेवढ्यात बाग बाहेर काढता आली असती, कशी ते मला माहीत, कुलूप माझंच. जुन्या गेमचं मशीन आलं की आधी आतलं बाहेर काढायचं, मग स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायचा — माझाच नियम, तुमच्या मागे भिंतीवर चिकटवलाय बघा. पण तुम्ही दारात उभे होतात, म्हणत होतात लवकर हवंय, आणि मला वाटलं, संध्याकाळपर्यंत देऊ काकांना. माझाच आकडा मला आठवला नाही. बोर्ड काढला आणि भंगाराच्या पोत्यात टाकला. दुसऱ्या दिवशी पोतं गेलं. भंगारवाल्याच्या गोदामापर्यंत गेले होते मी त्याच्या मागे. चुरा करतात हो तिथे.

नाही काका — 'तुझा काय दोष' असं नका म्हणू. त्या खोलीतही आम्ही एकमेकांना हेच म्हणायचो. तुम्ही तरी — जाऊ द्या. न्या मशीन. जड आहे, खालून धरा. आणि जाताना दार ओढून घ्या.